खाऱ्या विहिरीचे टोमॅटो

नजीबच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आखातातल्या बेटावर, बुदैयाच्या शेतावर भल्या सकाळी पेट्या उतरत होत्या आणि त्यांत होते सौदीहून समुद्रावरच्या पुलावरून आलेले लालबुंद टोमॅटो.

दापोलीचा नजीब या शेताचा मुकादम. विहिरीला मीठ चढलं होतं, टोमॅटोची पानं कडेनं जळून गेली होती, खजुराची झाडंही वाळायला लागली होती. आज सरकारी समिती यायची होती. ज्यांच्या विहिरी खारावल्या, त्यांना तुबलीच्या केंद्रात शुद्ध केलेल्या सांडपाण्याचा पाइप मिळणार होता. तो नाही मिळाला तर शेत बुडालंच म्हणायचं.

"साहेब, जळलेले वाफे दाखवायचे सोडून ह्या पेट्या कशाला?"

मॅनेजर शिरीष पुण्याचा. "पाहुण्यांपुढे रडगाणं गायचं नसतं, नजीबभाई. लढाईत भाजीपाल्याच्या बोटी थांबल्या, तेव्हापासून सरकारला सगळं इथेच पिकवायचंय. पीक दिसलं नाही तर अनुदान बंद होईल."

"आणि पाणी?"

"ते नंतर मागू."

वा रे अक्कल! देशाला खाऊ घालायच्या गप्पा मारायच्या आणि विहिरीत वाकून बघायची मात्र लाज!

समिती आली ती सावलीत मांडलेल्या खुर्च्यांवरच बसली. शिरीषनं कुणाला वाफ्यांकडे फिरकूच दिलं नाही. प्रमुखांनी टोमॅटो चाखला आणि ते खूश झाले.

"माशाल्ला! इथली विहीर गोड दिसते. पाइप आधी गरजूंना देऊ."

आता शिरीष बोलणार काय, कपाळ? शहाण्यानं आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला होता आणि त्याखाली नजीबचाही पाय सापडला होता.

नजीब तडक उठला. पंपाची तोटी सोडून त्यानं ग्लास भरले आणि ट्रे घेऊन आला.

"खलास, नजीबभाई, बस झालं, राहू द्या," शिरीष मराठीत कुजबुजला.

"असं कसं, साहेब? आमच्यात पाहुण्याला पाण्याशिवाय उठवत नाहीत."

प्रमुखांनी मोठा घोट घेतला आणि सगळा पेटीवर थुंकला. "हे काय आहे?"

"आमची विहीर," नजीब अरबीत म्हणाला. "टोमॅटो सौदीचे आहेत."

पाइप तिथल्या तिथे मंजूर झाला. नजीबचा व्हिसाही त्याच दुपारी रद्द झाला. कारण विचारलं तेव्हा शिरीष म्हणाला, "तुम्ही पाहुण्यांचा अपमान केलात."