छबूआक्काची पाळी

रंगनाथला हा नसता शहाणपणा करायला सांगितला होता कुणी? सुप्याच्या पलीकडच्या दगडखाणीवर अकरा वर्षं पाणी सांभाळणारा हा माणूस. गाळ बसल्याशिवाय तळ्याला हात लावायचा नाही, असं दुसऱ्यांना दरडावणारा. आणि त्यानंच मंगळवारी, छबूआक्काच्या पाण्याच्या पाळीच्या आदल्या दिवशी, निवळ तळ्यात जेसीबी घालून गाळ काढला. का, तर तळं खोल होईल आणि आक्काला तासभर पाणी जास्त मिळेल. माया उतू गेली की असं होतं बघा.

खाण खोल गेली तशी खालच्या अंगाला असलेली आक्काची विहीर आटली होती. तेव्हाच ग्रामसभेत कागद झाला. खाणीतलं पाणी उपसून आधी एका तळ्यात थांबवायचं, दगडाची भुकटी खाली बसली की दुसऱ्या, निवळ तळ्यात घ्यायचं, आणि दर बुधवारी पाण्यावर पहिला हक्क आक्काच्या शेताचा.

बुधवारी सकाळी आक्का आली. पाणी पारखायची तिची रीत ठरलेली. काठावर बसायचं, कोपरापर्यंत हात बुडवायचा आणि बांगड्या मोजायच्या. सगळ्या दिसल्या तरच पाणी सोडायचं. आज तर मनगटच दिसेना. पाणी ताकासारखं पांढरंफेक.

"रंगनाथ, ह्ये काय रं?"

खोटं बोलावं असं त्याच्या मनात आलं, पण आक्कापुढं जीभ रेटेना. "चुकलं आक्का. काल गाळ काढला. म्हनलं, तुला जरा जास्त पानी..."

"म्या मागितलं हुतं? आं? कांद्याचं रोप तीन पानांवर हाय, माना टाकल्यात त्यानं. ह्ये पानी दिलं तर वाफ्यावर भुकटीची पापडी धरंल, न्हाई दिलं तर सांजंपर्यंत वाळून जाईल. लई शाना तू!"

पाणी निवळायला तीन दिवस तरी लागणार होते. ऊन डोक्यावर घेऊन वाफ्यात उकिडवी बसून एकेक तण उपटणारी आक्का रंगनाथनं रोज वरून पाहिली होती. ते रोप गेलं तर तिला तोंड कसं दाखवायचं?

तेवढ्यात त्याची नजर क्रशरच्या हौदावर गेली. धूळ उडू नये म्हणून खडीवर मारायच्या फवाऱ्याचं पाणी त्यात असे, आणि ते शनिवारीच भरलेलं, नितळ होतं. पण फवारा नसेल तर क्रशर चालवायचा नाही, असा दंडक. म्हणजे हौद रिकामा केला की खाणीचा दिवस बुडाला. रंगनाथ घुटमळला. मग म्हणाला, होऊ दे काय व्हायचं ते. त्यानं क्रशर बंद करायला लावला आणि हौदाचा व्हॉल्व्ह आक्काच्या पाइपाकडं फिरवला.

क्रशरची घरघर थांबताच मॅनेजर अवधूतची मोटरसायकल धुरळा उडवत थेट आक्काच्या बांधावर आली. आक्का वाफे भिजवत होती आणि तिच्या मागं मागं फिरत रंगनाथ तिची बोलणी खात होता.

"कुणाला विचारून केलंत हे? सहा गाड्या खडीसाठी उभ्या आहेत! उद्यापासून तुम्ही गेटवर बसा रंगनाथ. पाण्यावर मी दुसरा माणूस नेमतो."

रंगनाथनं मान खाली घातली. आक्का मात्र खोरं टेकवून ताठ उभी राहिली.

"साहेब, कागद वाचलाय न्हवं? आज पहिलं पानी माजं. आन दुसरा मानूस कशाला? ह्याला बोलायचं असंल तर म्या हाय की. सकाळधरनं बोलतीया, आजून निम्मं बी झालं न्हाई. तुमी मधी पडू नका."

अवधूतनं कागद वाचला होता, हीच तर त्याची पंचाईत होती. तो कपाळाला हात लावून हसला. "बरं बाई. पण यापुढं तळ्यात जेसीबी घालायच्या आधी मला विचारायचं," एवढं रंगनाथला बजावून तो परत गेला.

दुपारपर्यंत एक सोडून सगळे वाफे भिजले.

"आक्का, राहिलेलं निम्मं बोलून घे," रंगनाथ म्हणाला.

"बोलीन, सवडीनं बोलीन. ह्ये दुसऱ्या कुनी केलं असतं ना, तर म्या एक सबूद बोलले नसते. गपगुमान अर्ज टाकला असता पंचायतीत. परक्याशी कोन भांडत बसतंय?"

रंगनाथनं तिच्या हातातलं खोरं काढून घेतलं, आणि शेवटच्या वाफ्याला त्यानंच पाणी वळवलं.