अर्ध्या नावाचा वाडगा

मित्रांनो, मी मातीचा वाडगा आहे; पण माझी माती रायपूरची नाही, पोर्तुगालची. तिथल्या एका कुंभारणीने मला चाकावर घडवलं, आत पिवळी फुलं रंगवली आणि भट्टीत भाजलं. जेवणाच्या टेबलावर मधोमध बसायचं, हे माझं काम. पण माझ्यात काय वाढतील, याचं मला भारी कुतूहल!

तिकडे शिकायला गेलेल्या पायलने मला विकत घेतलं आणि सुट्टीत स्वेटरात गुंडाळून रायपुरातल्या तेलीबांध्याला, आपल्या आईकडे आणलं. सुट्टी संपली, ती परत गेली. स्वयंपाकघरातून असे वास येत की विचारू नका! पण तिची आई, कांताबाई, मला काही वापरेनात. काय बरं चुकलं माझं?

एके दिवशी उलगडा झाला. "नाव कुठं टाकलं याच्यावर अजून?" त्या स्वतःशीच म्हणाल्या. "नाव नाही तं भांडं आपलं कसं?" वस्तीतल्या बुद्धविहारात भोजनदान असलं की घरोघरची भांडी तिथे जातात आणि नाव पाहूनच परत येतात. कांताबाईंच्या घरी तर चमच्यावरसुद्धा नाव!

त्यांनी मला भांड्यांच्या दुकानात नेलं. नाव कोरणारा थबकला. "अम्मा, मिट्टी का है, फूट जाएगा."

"हल्के हाथ से डालो ना भैया, कुछ नहीं होता."

मलाही वाटलं, बघू तरी नाव कसं लागतं! सुई घरघरली. 'कां' उमटलं आणि टचकन माझ्या काठाचा टवका उडाला. आई गं!

"पोरीनं एवढ्या दुरून आणलं, अन् म्या हे काय करून ठेवलं!" घरी येऊन कांताबाईंनी मला वरच्या फळीवर, डब्यांमागे लपवलं. फार वाईट वाटायचं, मित्रांनो. आता मला फेकून देतील का?

पुढच्या सुट्टीत पायलने आल्या आल्या विचारलं, "आई, माझा वाडगा कुठं आहे? दिखा तो."

कांताबाईंनी मला खाली काढलं. त्यांचे डोळे भरले होते. "रागावू नको पोट्टे. माह्या हातानं बिघडला."

पायलने त्या 'कां'वरून बोट फिरवलं आणि मला पालथं केलं. माझ्या बुडाशी कुंभारणीचं नाव आहे. "ये देख आई, तिथंही नाव टाकतात. पण माती ओली असताना."

कांताबाई ते नाव पाहतच राहिल्या. "म्हंजे तिलेही वाटलं असन, हा हरवू नये म्हणून?"

त्या दिवशी कांताबाईंनी माझ्यात बेसनाच्या पाटोडीचा झणझणीत रस्सा वाढला. अहाहा! ज्याची एवढी वाट पाहिली, ते हे!

तेव्हा मित्रांनो, आम्हांला जपा, पण जपण्याच्या नावाखाली फळीवर कोंडू नका. परवा मी विहारातल्या भोजनदानालाही जाऊन आलो. जेवणं झाल्यावर भांड्यांचा हा ढीग! भांडी वाटणाऱ्या शारदाताईंनी मला उचललं, काठावरच्या 'कां'कडे पाहिलं आणि शेजारणीच्या हातात दिलं. "सांभाळून ने माय. हा आपल्या कांताबाईचा आहे."