लंगडोबाचा लाकडी पाय

आमच्या क्लबात मूर्खाला जागा नाही, असं चष्मेवाले काका छाती फुगवून सांगायचे आणि दर रविवारी दुपारी त्यांच्या दुकानामागच्या खोलीत आम्ही सगळे मूर्ख न चुकता जमायचो. भिंतीवर डोळे तपासायचा तक्ता, कोपऱ्यात काचा घासायचं यंत्र आणि मधोमध, मखमलीखाली झाकलेला ग्रामोफोन.

आमचा जीव जुन्या अमेरिकन ब्लूजमध्ये. एक माणूस, एक गिटार आणि जगाने त्याला घातलेल्या लाथा, एवढ्या भांडवलावर उभं राहिलेलं गाणं. ते ऐकून गप्प बसावं की नाही माणसानं? पण नाही. आम्हाला माहिती हवी. गिटारची कितवी तार तुटली होती? खोलीत खिडकी होती का? या असल्या प्रश्नांवर आम्ही एकमेकांची अब्रू काढायचो.

या गाणाऱ्यांत सगळ्यात मोठा मान लंगडोबाचा. लेबलवर त्याचं नाव वेगळं होतं, पण आम्ही त्याला लंगडोबाच म्हणायचो. त्याच्या एका गाण्याची जगात एकच तबकडी उरलेली आणि ती काकांकडे. गाण्यात सतत टुक, टुक, टुक असा ठेका. काकांनी शोध लावला होता, की हा लाकडी पाय! मग क्लबात कोडी सुरू झाली. पाय कुठला? डावा. लाकूड कुठलं? सागवान. मध्येच ताल चुकतो तो का? घसरतो हो, लाकडाचा पाय तो! गाणं संपल्यावरही टुक टुक चालू राहायचं, तेव्हा काका डोळे पुसत म्हणायचे, "निघाला बिचारा घरी."

मी मोटार चालवायला शिकवतो. क्लबात मला 'क्लच' म्हणतात. परवा एका भंगारवाल्याकडे सीटचे सांगाडे बघायला गेलो, तर रद्दीच्या ढिगात तीच तबकडी! तेच गाणं, तेच लेबल, वर ओरखडासुद्धा नाही. मी रस्त्यात एकटाच नाचलो. शिकाऊ गाडीत बसलेली बाई घाबरून हॉर्न वाजवत सुटली.

रविवारी मी छातीशी धरून ती घेऊन गेलो. सुई टेकली. गिटार इतकी स्वच्छ वाजली की मास्तरांच्या, म्हणजे आमच्या ड्रॉइंगच्या मास्तरांच्या, अंगावर काटा आला. पण काकांचा चेहरा आंबला.

"टुक कुठाय?"

"नाहीये," मी म्हणालो.

"पाय नाही, म्हणजे माणूस तो नाही. कुणीतरी नक्कल करून छापलीय. क्लच, तुला कुणी शेंडी लावली रे!"

"अहो काका, आवाज तोच आहे!"

"आवाजाची नक्कल होते. पायाची होत नाही."

आता आमचा नियम सांगतो. खोटी तबकडी सापडली की ती उकळत्या पाण्यात मऊ करायची, वाडग्यावर दाबायची आणि तिची कुंडी करायची. हा नियम हात वर करून झाला होता, आणि सगळ्यात उंच हात माझा होता. काकूंनी आतून पातेलं चढवल्याचा आवाज आला आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. जगातली एकमेव धड तबकडी, आणि तिच्यात उद्या कोरफड!

"मास्तर, बोला की काहीतरी!"

"नियम म्हणजे नियम," मास्तर खाली बघत पुटपुटले. असा राग आला म्हणून सांगू! गाडी भिंतीवर घालणाऱ्यांवरही मी इतका ओरडलेलो नाही.

"तुमची तबकडी उलटी करून लावा!" मी किंचाळलो.

"मागे पियानो आहे," काका म्हणाले. पियानो क्लबात वर्ज्य. एका बाईचं गाणं होतं ते, दुसऱ्याच गावात रेकॉर्ड केलेलं. कुणी कधी ऐकलंच नव्हतं.

"लावा म्हणतो ना!"

त्यांनी नाक मुरडत लावली. बाई गाऊ लागली. आणि तिच्या पियानोखालून, अगदी ऐटीत... टुक, टुक, टुक.

काका सावरले. "तिथेही गेला असेल. साथीला."

"चालत?" आतून काकू म्हणाल्या.

मास्तरांना पहिल्यांदा हसू फुटलं. मी बोटाने तबकडीची गती कमी केली. बाई रेड्यासारखी गाऊ लागली आणि पायही रखडला. बोट काढलं, पाय पळाला. मग मी ती उचलून दिव्यासमोर धरली. लेबलपासून कडेपर्यंत बारीक चीर, दर फेरीला सुई आपटावी अशी.

"केस आहे तो," काका म्हणाले. "मी दर वेळी पुसतो."

"मग जातो का?"

जगाला चष्मे देणारा माणूस! त्या रेघेवरून नख फिरवायला लागला. मला वाटलं आता रडतो. पण त्यांचं पोट हलायला लागलं, मग खांदे, आणि ते इतके हसले की खुर्चीसकट मागे कलले. "सागवान!" ते ओरडले. "मी सागवान सांगितलं रे लोकांना! भाषण दिलं!" मास्तर जमिनीवर बसले. मी काच घासायच्या यंत्राला धरून हसत होतो. काकू बाहेर येऊन म्हणाल्या, "पाण्यात आता काय घालू, यांना?"

"गॅस बंद कर आधी!" काका म्हणाले. "खरी आहे ती! क्लच, लाव परत."

लावली. आता कुणी मधे चालत नव्हतं, म्हणून शब्द न् शब्द कळत होता. गाणं संपलं, आणि अगदी शेवटी, सुई उचलायच्या आत, तबकडीतच एक बाई हसली. छोटंसं, तोंडावर हात ठेवून हसल्यासारखं.

आम्ही चौघं एकमेकांकडे बघायला लागलो.

"बायको," काका म्हणाले.

"अहो, बायको गाणं संपल्यावर अशी हसत नाही," काकू म्हणाल्या. "मेहुणी आहे ती."

"धाकटी," मास्तर म्हणाले.

"धाकटी कशावरून?" मी टेबलावर हात आपटला. "थोरली आहे! आणि दारात उभी आहे! परत लावा!"