मुठीतला मणी

मानवजातीने अंधारावर मिळवलेला अंतिम विजय त्या दुपारी जाहीर व्हायचा होता. तूर्त तो प्रयोगशाळेच्या फ्रीजमध्ये लोण्याच्या डब्याशेजारी ठेवलेला होता.

"वहिनी, दादाची मूठ लोण्याशेजारी?" संशोधक बाईंची नणंद ओरडलीच. ती नर्स होती आणि प्रयोग बघायला येणाऱ्या डॉक्टर मंडळींच्या आधीच येऊन पोचली होती.

"मोठा फ्रीज बिघडलाय, वन्सं. शिवाय त्यांना लोणी आवडायचंच."

मूठ जिलेटिनची होती. नवरा आजारी असताना बाईंनी त्याच्या मुठीचा साचा घेतला होता. त्याची वाकडी करंगळी जिवंतपणी कधी मुठीत मावली नाही, साच्यातही बाहेरच राहिली. जिलेटिन दुधाळ केलं की मांसासारखं वागतं: उजेड आत शिरतो आणि सरकारी कचेरीतल्या अर्जासारखा भटकत राहतो, पलीकडे काही पोचत नाही. त्याला सरळ वाट करून देणारं औषध बाईंनी शोधलं होतं. मुठीच्या मधोमध बाईंनी काळा मणी बसवला होता. नवऱ्याच्या गळ्यात गाठ होती तितकाच खोल. ती वेळेवर कोणालाच दिसली नव्हती. आज मणी दिसला नाही, तर डॉक्टर या कामाला कुलूप लावणार होते.

"आधी एकदा बघून घेऊ," म्हणत बाईंनी काळे पडदे ओढले, मुठीला औषध चोपडलं आणि दिवा लावला.

मुठीमागच्या पांढऱ्या पडद्यावर लाल धुकं पसरलं. मग ते निवळलं आणि आत मणी दिसला. स्वच्छ.

"दिसला गं बाई!" नणंदेने सवयीने जिलेटिनच्या मनगटावर बोटं ठेवली, आणि ती चरकली. "वहिनी, नाडी लागतेय."

"तुमचीच असेल."

"माझी घोड्यासारखी धावतेय. ही संथ आहे. दादाची होती तशी."

पडद्यावर मणी ठेक्यात हलत होता. बाईंनी दिवा पूर्ण मोठा केला. वाकडी करंगळी सावकाश वळली आणि मुठीत जाऊन बसली.

बाहेर डॉक्टर दार वाजवू लागले. कोणीच उठलं नाही.

"अहो," बाई कशाबशा म्हणाल्या, "तेव्हा पोचला नाही हो उजेड. आता पोचला का?"

मुठीच्या अगदी आतून, झोपमोड झालेल्या माणसाचा कुरकुरता आवाज आला:

"पोचला, पोचला. तेवढा जरा बारीक कर ना. डोळ्यांवर येतोय."