पाठीमागचा उद्या

थोरलीचा हात वर गेला आणि तिथेच राहिला.

धाकटीला आधी वाटलं, ती विचारात पडली असेल. बोलता बोलता थोरली अशी थांबायची. हात हवेत, नजर लांब कुठेतरी, जणू पुढचा शब्द बाहेर दोरीवर वाळत घातलाय आणि तो आणायला ती गेलीय. पण या वेळी तिच्या मागचा खिडकीचा पडदाही अर्धा फुगून तसाच थांबला होता. मग चित्र गेलं, आणि फोनच्या काळ्या काचेत धाकटीला स्वतःचंच तोंड दिसलं.

थोरलीला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. त्या काळी अशा मुलीला शाळेत घालायचं कुणाच्या डोक्यातच यायचं नाही. नाव गिरवायला आणि आकडे ओळखायला ती शिकली, तेवढंच. बाकीची भाषा दोघी बहिणींनी हातांनी घडवली. आईला ती निम्मी कळायची, वडिलांना कामापुरती. पुरती येणारी माणसं जगात दोनच. पुढे लग्नं झाली, गावं बदलली, आणि मग भाषाच मुकी झाली. वर्षा-दोन वर्षांनी भेट व्हायची तेव्हा दिवसभर दोघींचे हात चालायचे आणि निघायच्या दिवशी खांदे भरून आलेले असायचे. मधल्या काळात धाकटी पोस्टाने चित्रं काढून पाठवायची. घर, मांजर, ताप आलेलं मूल. थोरली उलट टपाली आपल्या कामाच्या छापखान्यातल्या कोऱ्या कागदावर आपल्या हाताचा ठसा पाठवायची. त्याचा अर्थ, पोचलं.

नंतर फोनमध्ये तोंड दिसायला लागलं. देवच पावला म्हणायचा. तेव्हापासून धाकटीच्या फ्रेमांच्या दुकानात संध्याकाळी काच कापायचा हिरा खोक्यात गेला की फोन खिळ्यांच्या डब्याला टेकून उभा राहायचा, आणि दोघी म्हाताऱ्या गप्पांना बसायच्या. बाहेरून बघणाऱ्याला वाटायचं, बाई माश्या हाकलतायत.

आणि आता थोरलीचे डोळेच चालले होते. एकात धुकं कधीचंच उतरलं होतं, दुसऱ्यालाही आता कडेने अंधूक दिसायला लागलं होतं. छापखान्यात पानं जुळवण्यात जन्म गेलेला, डोळ्यांनी तरी किती साथ द्यायची? त्या गावात मोठा डॉक्टर कधीमधी यायचा, आणि त्याने तेरवाचा दिवस दिला होता. तो हुकला तर पुढचा केव्हा, कुणी सांगू शकत नव्हतं. तोवर डोळा राहील की नाही, तेही नाही. ऑपरेशन एकाच डोळ्याचं, पण तो हलू नये म्हणून काही दिवस दोन्ही बांधून ठेवणार. डोळे बांधले की थोरलीचे कानही बांधल्यासारखेच, आणि तोंडही. म्हणून ती अडून बसली होती. तू जवळ असशील तर जाईन, नाहीतर नाही. धाकटी उद्याच्या गाडीने निघणार होती. पिशवी भरलेली होती.

सकाळी कळलं, सरकारने हुकूम काढून सगळीकडचं इंटरनेट बंद केलंय. कुठेतरी काहीतरी गडबड झाली होती. कुठे नि कसली, ते ज्याच्यावर कळायचं तेच बंद. रेडिओवरची बाई गोड आवाजात सांगत होती, शांतता राखण्यासाठी, पुढील आदेशापर्यंत. लांबच्या गाड्याही तशाच, पुढील आदेशापर्यंत.

शांतता इतकी होती की वेगळी राखायची गरजच नव्हती. रस्ता तळ्याच्या तळाशी गेल्यासारखा दिसत होता. माणसं फोन तोंडासमोर धरून हळूहळू चालायची, कोपऱ्यावर थांबायची, हात उंच करायची, पुन्हा चालायची. टॅक्सीवाला रोजच्या वस्तीतच वाट विसरला आणि दुकानाच्या पायरीशी गाडी लावून, कुठे वळू, विचारायला लागला. औषधांच्या दुकानात डॉक्टरची चिठ्ठी फोनमध्ये अडकलेली माणसं गोळ्यांचे रंग आठवून सांगत होती. समोरच्या जिन्यावर एक मुलगी इस्त्रीचे कपडे घालून बसली होती. तिची नोकरीची मुलाखत फोनवर व्हायची होती. वेळ टळून गेली तरी ती तशीच, केस नीट बसवलेली, समोरच्या भिंतीकडे बघत थोडंसं हसत राहिली. भिंतीने काही विचारलंच तर तयारी असावी म्हणून.

साधा फोन मात्र लागत होता. ऐकू येणाऱ्यांची सोय सरकारने ठेवली होती.

थोरलीच्या खालच्या मजल्यावर डबलबेल राहायची. जन्मभर बसमध्ये कंडक्टर होती, निवृत्त होऊनही आवाज बसमधलाच. थोरलीला ऐकू येत नाही हे तिला मनापासून कधी पटलंच नव्हतं. आपण कमी ओरडतोय एवढंच तिचं म्हणणं. धाकटीने तिला फोन करून सगळं समजावलं. गाड्या बंद, मी येऊ शकत नाही, तिने तरीही परवा जायला हवं. हे तिच्यापर्यंत पोचवाल का?

"पोचवते की. पण कसं?" डबलबेल म्हणाली. "तुमचं ते हातवारे प्रकरण मला येत नाही."

"मी सांगते तसे हात करा. आणि ती करेल ते मला सांगा."

अशी ती गंमत सुरू झाली. एवढ्या वर्षांत धाकटीने ती भाषा कधी तोंडाने बोलून बघितली नव्हती. मूठ कपाळाला, मग दोन बोटं आडवी, म्हणजे रस्ता बंद. चिमूट डोळ्याशी, म्हणजे ऑपरेशन. फोनवर सांगताना तिला वाटलं, आपण स्वप्नात कुणाला तरी घरचा पत्ता सांगतोय आणि सगळी वळणं आपल्याच जिभेवर नवी आहेत. डबलबेल तिकडे धापा टाकत होती. "कपाळाला... हां. आडवी... हां. बघतायत त्या. मान डोलावली."

"आता डोळ्याशी चिमूट, आणि पुढच्या दिवसांची खूण. हात पुढे."

"पुढे कसा? ढकलल्यासारखा?"

"हो, पुढे, लांब. आणि शेवटी छातीवर बोट, चालणारी बोटं, पुन्हा पुढे. म्हणजे मी नंतर येईन."

मग डबलबेल म्हणाली, "त्यांनी माझ्याकडे बघितलं. बराच वेळ. मग माझ्यासारखाच हात पुढे ढकलला, आणि आत जाऊन दार लावून घेतलं. मी वाजवतेय, पण—" इथे ती थांबली, आणि तिला ते बहुधा आयुष्यात पहिल्यांदा पटलं. "पण त्यांना ऐकू कुठून येणार?"

तो सगळा दिवस धाकटीने कसा काढला, तिचं तिला माहीत. नाही म्हणाली, एवढाच अर्थ तिने घेतला. तिचं तरी काय चुकलं? अंधारात आणि निःशब्दात, परक्या हातांत, या वयात कोण जाईल? कापलेल्या काचा ती पुसत राहिली. मोबाइलमधले फोटो छापून घ्यायची सोय उरली नव्हती, म्हणून लोक कपाटाच्या तळाशी पडलेले कागदी फोटो काढून आणत होते. विटलेले, कडा खाल्लेले, ओळख न पटणाऱ्या माणसांचे. दुकान भरलं की गर्दीतही एक संथपणा असायचा. कुणालाच कुठे जायचं नव्हतं. माणसं एकमेकांचे पूर्वज हातात घेऊन बघायची आणि हा तुमच्यावर गेलाय हं, म्हणायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी एका गृहस्थाने आईचा फोटो दिला आणि फ्रेम कधी मिळेल, विचारलं.

"परवा," धाकटी म्हणाली, आणि सवयीने तिचा हात खांद्यावरून मागे गेला.

गृहस्थाने मान वाकडी करून तिच्या पाठीमागे बघितलं. "तिकडे काय आहे?"

"परवा," धाकटी पुन्हा म्हणाली, आणि तिच्या हातातला फोटो टेबलावर पडला.

थोरलीच्या भाषेत उद्या पाठीमागे होता. हे लहानपणी तिनेच ठरवलं होतं. आई तिला शिकवायला बघायची, की बाळ, गेलं ते मागे, येणार ते पुढे. थोरली ठाम मान हलवायची. तिने ते एकदा नीट करून दाखवलं होतं. काल आपण पाहिला, तो दिसतोय, म्हणजे तो डोळ्यांसमोर. उद्या दिसत नाही. मग तो पाठीमागेच असणार, हळूच येऊन पाठीवर हात ठेवणारा. ज्या मुलीच्या मागून येणारं सगळंच न सांगता येतं, तिला असंच वाटणार. आईने हात टेकले. धाकटीच्या हातांना ते जन्माचं वळण लागलं. जीभ मात्र चारचौघींसारखी वाढली, तिला पुढे म्हणजे पुढेच. आणि काल फोनवर जीभ बोलली होती, हात नव्हते.

म्हणजे थोरलीला काय पोचलं? रस्ता बंद. डोळ्यांचं होऊन गेलं. आणि मी, मी येऊन गेले. झालं आता माझं येणं. तिने तोच हात तसाच पुढे ढकलला होता, तो नकार नव्हता. झालं तर झालं, एवढंच ती म्हणाली होती.

धाकटीने गृहस्थाला तिथेच उभं ठेवून फोन लावला.

"मागे?" डबलबेल म्हणाली. "अहो, मागे म्हणजे झालेलं ना? मागे एकदा, मागच्या खेपेला, असंच म्हणतो आपण."

"तिच्याकडे उलटं आहे."

"आमच्या डेपोत असं केलं असतं तर भिंतीच पडल्या असत्या." पण ती जिना चढायला लागली होती, धाकटीला पायऱ्या ऐकू येत होत्या. दार वाजवून उपयोग नव्हता, म्हणून तिने दाराखालच्या फटीतून ओढणीचं टोक आत सरकवून हलवलं. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. दार उघडलं.

या वेळी धाकटी डोळे मिटून बोलली. आधी स्वतःचे हात हलवायचे, मग ते कुठे गेले ते सांगायचं. चिमूट डोळ्याशी, हात खांद्यावरून मागे. चालणारी बोटं, मागे. तो गृहस्थ काउंटरपाशी उभा राहून बघत होता, आणि जिन्यावरची मुलगीही आज इस्त्रीचे कपडे न घालता दाराशी आली होती.

"त्या मटकन खाली बसल्या," डबलबेल म्हणाली. "हसतायत. नाही, रडतायत. दोन्ही. आता त्यांनी डोळ्यांवर दोन्ही तळवे घेतले आणि खांदे उडवले."

डोळे बांधल्यावर काय, असं ती विचारत होती. धाकटीला हे उत्तर कालच्या गाडीतून स्वतः न्यायचं होतं. आता ते दुसऱ्याच्या हातून द्यायचं, आणि दिलेलं परत मिळत नाही, हे तिला कळत होतं.

"बाई, तिचे हात धरा. तिचे तळवे तुमच्या हातांच्या पाठीवर येऊ द्या. तिला डोळे मिटायला लावा, आणि मी सांगते ती खूण तशीच करा. तिचे हात तुमच्याबरोबर जातील."

मग डबलबेल इतक्या हळू बोलली की तिचा आवाज असाही असतो हे धाकटीला प्रथमच कळलं.

"त्यांनी माझाच हात धरून मागे नेला. माझ्या खांद्यावरून. म्हणजे उद्या, ना?"

"उद्या," धाकटी म्हणाली.

ऑपरेशन झालं तेव्हा इंटरनेट बंदच होतं. डबलबेल दवाखान्यात थोरलीच्या उशाशी बसली, आणि अधूनमधून फोन करून एखादी खूण विचारायची. पाणी कसं? दुखतंय का, कसं? गार वाटतंय का? धाकटी सांगायची. मग फोन कमी झाले. धाकटी फ्रेमा ठोकत राहायची आणि फोन वाजला नाही की तिला बरं वाटायचं, आणि बरं वाटलं की कुठेतरी बारीक टोचायचं.

एका दुपारी रस्त्यावरचे सगळे फोन एकदम किणकिणले, जसा पक्ष्यांचा थवा तारेवर उतरावा. लोक जागच्या जागी थांबले. आदेश निघाला होता. लगेच धाकटीचा फोन वाजला आणि काचेत थोरली दिसली. पलंगावर बसलेली, दोन्ही डोळ्यांवर पांढरी पट्टी, पट्टीखाली तिचं ते लबाड हसू.

धाकटीचे हात आपोआप उठले आणि बोलायला लागले. गाड्या सुरू होतायत, मी येते, डॉक्टर काय म्हणाला, जेवतेस का? मग तिच्या लक्षात आलं की थोरलीला यातलं काहीच दिसत नाही. इतके दिवस चित्र नव्हतं, आता चित्र होतं आणि डोळे बांधलेले.

"थांबा, हळू," काचेच्या कडेतून डबलबेलचं डोकं आलं. "एका वेळी एकच. मी बघून देते."

तिने थोरलीचे हात आपल्या हातांवर घेतले. धाकटीने एक खूण केली. दोन माणसांचे चार हात मिळून ती काचेत पुन्हा उमटली, जरा जाड, जरा वाकडी. थोरलीची मान हलली. दुसरी खूण. तिसरी. मग थोरलीने डबलबेलच्या मनगटावर दोन बोटं टकटक केली आणि तिच्या हनुवटीला हात लावला. दोघी खुदुखुदु हसायला लागल्या, डबलबेलला तर ठसका लागला.

धाकटीने फोन जवळ घेतला. ही खूण तिने जन्मात पाहिली नव्हती.

"काय म्हणाली ती?"

डबलबेलने डोळे पुसले.

"ते आमचं आहे," ती म्हणाली. "तुम्ही या, मग शिकवू."