सात नंबरची टाकी

सात नंबरच्या टाकीवर मी 'वाढली' असं लिहिलं, आणि जेवणवेळेपर्यंत ती माझ्या खांद्याला लागली.

चूक माझीच. टाकी रिकामी होती, तर सरळ 'रिकामी' लिहायचं. पण आमच्या घरात मीठ संपलं तरी वाढलं म्हणतात, संपलं म्हणत नाहीत. अकरा महिने मी घरीच होते, हाताला तीच सवय लागलेली. आणि आमच्या डायव्हिंगच्या दुकानात टाकीला चिकटवलेल्या पट्टीवर जे लिहाल तेच टाकीत असतं. मागच्या हंगामात एका पाहुण्याने गंमत म्हणून 'चहा' लिहिलं होतं. बिचारा दहा मीटर खाली चाळीस मिनिटं चहा पीत राहिला. वर आल्यावर म्हणाला, साखर जरा कमी होती.

म्हणून तर नियम आहेत. पांढरी पट्टी, निळी शाई, आत काय, कधी भरलं, कोणासाठी. नियमांचा कागद काउंटरमागच्या भिंतीवर असतो आणि रोज सकाळी चार बोटं लांब झालेला असतो. तो कोण लिहितं हे मालक कुबलमामांनाही माहीत नाही. ते फक्त वाचून दाखवतात.

"ह्या काय लिवलंस गो?" मामांनी टाकीला हात लावून विचारलं. टाकी कोमट होती.

"चुकून झालं, मामा. पुसून टाकते."

"पुसूक गावचा नाय. बावीस नंबरचो नेम वाच. जेका वाचूक येता, तेना पट्टी काढूची नाय."

"मग कोणी काढायची?"

"जेका वाचूक येणा नाय, तेना."

माझ्याकडे बावीस नंबरशी भांडायला वेळ नव्हता. तीन वाजता बोट सुटणार होती. आज मी तिच्यातून पाण्यात उतरले नाही, तर ज्या खिळ्यावर पाच वर्षं माझा सूट टांगलेला असायचा तो भिंतीत परत जाणार होता, आणि या दुकानात मी डायव्हर राहणार नव्हते. अकरा महिने तो रोज थोडा आत जात होता. आता नखाएवढा उरला होता.

रोझी फर्नांडिस बाकावर बसली होती. आम्ही दोघी एकाच वर्षी शिकलो. तिच्या पायाशी भरलेली टाकी होती आणि टाकीवर लाल फुली.

"तुझं काय झालं?" मी विचारलं.

"'झ'चा पाय रेषेला टेकत नाही म्हणे. मी म्हटलं, मामा, पाय माझे भिजायचेत, 'झ'चे नाहीत. तिसऱ्यांदा लिहितेय."

मामा आमच्याकडे वळले. माझी लेक केतकी माझ्या कडेवर होती.

"दुकानात इलेल्या सगळ्यांका पट्टी होयी," ते म्हणाले. "हिच्यात काय आसा?"

"दूधभात," मी म्हटलं. "आणि दोन शब्द. 'ये' आणि 'गेलं'."

त्यांनी तेवढंच लिहून तिच्या पाठीवर चिकटवलं. मग दुसरी पट्टी फाडली, तिच्यावर 'आई' लिहिलं आणि माझ्या खांद्यावर दाबून बसवली.

मी चार नंबरची टाकी घेतली. तिची पट्टी बिनचूक होती. नळीचं टोक तोंडात धरून श्वास घेतला. हवा आली नाही. कोमट दूध आलं.

"मामा, मी डायव्हरपण आहे. तेही लिहा ना."

"एका टाकीर एकच पट्टी. दोन आसली तर बोटीत चढूक गावणा नाय."

"मी टाकी नाही."

मामांनी कागद वरपासून खालपर्यंत नीट पाहिला. "तसा खंय लिवलेला नाय," ते म्हणाले.

तोवर सात नंबर छपराला लागली होती. तिने आधी काउंटर सरकवला, मग बाक, मग रोझीला. दरवाजा तिच्यामागे गेला. आम्ही चौघं पोटं आत घेऊन एका कोपऱ्यात उभी राहिलो. खिळ्याचं आता फक्त डोकं दिसत होतं. पावणेतीन झाले होते.

"अकरा महिने पोरगी वाढवलीस," रोझी माझ्या कानात म्हणाली, कारण तिचं तोंड तिथेच होतं. "आता टाकी."

केतकी गप्प होती. ती गप्प असते तेव्हा मी आधी तिच्या मुठी बघते. ती माझ्या खांद्यावरची पट्टी नखाने उचकत होती, जशी घरी चटईची काडी उचकते, घाई न करता, ओठ पुढे काढून. एक कोपरा सुटला. मग दुसरा. पट्टी हातात धरून तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"गेलं," ती म्हणाली.

"नेमात बसता," मामा म्हणाले. "तिका वाचूक येणा नाय." मग त्यांनी नवी पट्टी फाडली. "पण बिनपट्टीचा कायएक बोटीत चढणा नाय. आता काय लिवू?"

"द्या, मी लिहिते."

दुसरी जागाच नव्हती, म्हणून रोझीच्या पाठीवर ठेवून लिहिलं. 'वाढली'. आणि पट्टी स्वतःच माझ्या खांद्यावर चिकटवली.

मामांनी चष्मा वर केला. "म्हणजे संपलंस?"

"लिहिलंय तेवढंच वाचा."

ते बराच वेळ वाचत राहिले. मधे एकदा त्यांचे ओठ हलले. भिंतीवरच्या कागदाकडे मात्र त्यांनी पाहिलं नाही.

"अक्षर सुवाच्य आसा," शेवटी ते म्हणाले. "शाई निळी आसा. पट्टी एकच आसा."

"मग?"

"मगे चल. पाणी कोणासाठी थांबणा नाय."

सात नंबरचा व्हॉल्व्ह एव्हाना दाराएवढा झाला होता. रोझीने आणि मी मिळून तो फिरवला. आतली हवा बाहेर आली, उन्हात वाळलेल्या दुपट्यासारखी, आणि तिने आम्हा चौघांना उचलून बोटीत नेऊन ठेवलं. मागोमाग व्हॉल्व्हमधून एक लांब नळी आली. मी तिचं टोक तोंडात धरून पाहिलं. हवा होती. कोरडी, गार, अकरा महिन्यांपूर्वीची.

मी केतकीला मामांकडे दिलं.

"रडली तर?"

"रडतली. मगे गप ऱ्हवतली. माझी तीनय पोरां रडली."

मी काठावर बसले आणि मागे झुकले.

पाच मीटरवर कान मोकळे केले. दहावर छाती आपोआप सैल झाली. हे छातीला अजून येत होतं. अठरावर वाळू लागली, तिथे गुडघे टेकले आणि वर पाहिलं.

बोटीच्या सावलीशेजारून एक हात पाण्यात आला होता. मनगट, कोपर, आणि कोपरापुढेही हातच, उजेडातून सरळ खाली, माझ्या चेहऱ्यापर्यंत. त्याने मला धरलं नाही. मूठ नुसती उघडत होती, मिटत होती. केतकीचं टाटा आणि केतकीचं 'ये' हुबेहूब सारखं दिसतं.

मी माझा हात वर केला. मूठ उघडली, मिटली, परत उघडली.