हात लावू नये

मित्रांनो, मी या शाळेतला टचबोर्ड, म्हणजे बोट लावलं की बोलणारा फळा. "या फळ्याच्या स्पर्शातून उद्याचे नागरिक घडतील," असं मुख्याध्यापक माझ्या उद्घाटनाला म्हणाले. टाळ्या थांबायच्या आत त्यांनी माझ्या कपाळावर पाटी चिकटवली : हात लावू नये.

चौथीच्या बाईंनी ती वाचली नसावी, किंवा फारच नीट वाचली असावी. नागरिकशास्त्राच्या तासाला त्यांनी स्वतःच गाणं रचून माझ्यात भरलं होतं : गल्लीतला दिवा कोण लावतं, कचरा कोण उचलतं. पोरं बाकं बडवत गायची. मग मी व्हिडिओ दाखवायचो. गल्लीतला नळ कोरडा पडायचा आणि चित्र थांबायचं : कोणाला सांगाल? वर्गात भांडण, मग मतदान, मग एकाने येऊन उत्तर दाबायचं. बरोबर आलं की माझ्यातला नळ धो धो वाहायचा.

एकदा ते चिमणीने दाबलं. वर्षभर तोंड न उघडलेली पोर. पाणी आलं, वर्गाने छप्पर डोक्यावर घेतलं, आणि ही बया मधल्या सुट्टीत थेट मुख्याध्यापकांसमोर.

"सर, आपल्या नळाला पाणी नाही."

"तुला कोणी पाठवलं गं?"

"कोणी नाही. फळ्यात असंच सांगायला जातात."

त्याच दुपारी माझ्यावर मेणकापड चढलं.

"यंत्र जपायला हवं, बाई. हा तमाशा पुरे."

"सर, तमाशा नाही. धडा पाचवा आहे."

"मग तो मुकाट्याने वाचून घ्या!"

मला तळपाय नाहीत, तरी आग मस्तकात गेली.

पुढे शाळा बघायला पाहुणे आले. मेणकापड निघालं, मला पुसलं, गाणं लावलं. गायची मात्र कोणाला परवानगी नव्हती. व्हिडिओ थांबला : कोणाला सांगाल? चिमणी उठली.

"बस खाली! हात लावायचा नाही!" मुख्याध्यापक खेकसले आणि त्यांनी स्वतःच दाबलं : 'कोणालाही नाही'.

मी जीव खाऊन चुकीच्या उत्तराचा भोंगा वाजवला. पाहुणे हसू गिळत पंख्याकडे बघू लागले.

"बिघडलाय हो हा," मुख्याध्यापक म्हणाले. "झाका."

मित्रांनो, मी बिघडलेलो नाही. मला जपू नका, वापरा. शाईची, चिकट, मळकी, कसलीही बोटं चालतील. धूळ बसू नये म्हणून जे झाकतात ना, त्यांचा मला भयंकर राग येतो. बाई आता धडा वाचून घेतात. चिमणी पुन्हा गप्प झाली आहे.

नळाला अजून पाणी नाही.